नारूवाले वकीलसाहेब

आप्पा बारवेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मांडी घालून बसले होते आणि उठायला तयार नव्हते. माझे गवंडी सावलीला विड्या ओढत होते. दगड येऊन पडला होता, चुना भिजत होता. आप्पांचं एकच म्हणणं होतं, "ही माज्या आजीनं बांधून घेतलेली बारव हाय. हिच्यावर भिंत घालायची आसंल तर आधी माज्यावर घाला."

मी तेव्हा परभणी जिल्ह्यात ओव्हरसियर होतो. गावकरी वरशेर म्हणायचे. इंजिनियर नकाशा काढतो. तो नकाशा जमिनीवर नीट उतरतोय का, हे उन्हात उभं राहून बघणारा तो ओव्हरसियर. नोकरी हंगामी होती. राज्य निजामाचं, कागदपत्र सगळं उर्दूत. काम पुरं झालं नाही तर त्याचं कारण मात्र कुठल्याच भाषेत कुणी ऐकून घेत नसे.

पिंगळी स्टेशनावर उतरून बैलगाडीनं जावं लागे, असं ते गाव. पिण्याचं पाणी एकाच बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. घागर घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरायचं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की बाया घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहून घागरी भरत.

आणि गावात नारू होता. आज नारू म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, ही फार चांगली गोष्ट झाली. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. दूषित पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पायाला फोड आणून बाहेर निघायला लागतो. तो काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस खाटेला खिळतो, आणि हे सगळं नेमकं पेरणीच्या तोंडावर. नारूचा पाय पाण्यात बुडाला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात. ते पाणी पुढचा माणूस पितो. औषध नव्हतं. पायऱ्या भिंतीनं बंद करायच्या आणि वर कठडा बांधून रहाट बसवायचा, म्हणजे पाण्यात पोहरा जाईल, पाय जाणार नाही, एवढाच इलाज.

हा इलाज आमच्याकडे आला तो एका माणसाच्या चिकाटीमुळे. परभणीचे एक वकील होते. मी त्यांना वकीलसाहेबच म्हणतो. त्या काळी हैदराबादेत कायदे करणारी एक मजलिस होती. बहुतेक सभासद सरकार नेमायचं. थोडे निवडून यायचे, त्यात वकिलांनी निवडून दिलेले हे एक. मजलिसला अधिकार बेताचेच. प्रश्न विचारता यायचा, ठराव मांडता यायचा. मानायचा की नाही ते सरकार बघणार. तरीही वकीलसाहेबांनी आपल्यापुरत्या तीन गोष्टी पक्क्या धरल्या होत्या. पिण्याचं पाणी, लहान मुलांना पहिली अक्षरं घरच्या भाषेत, आणि तालुक्याला एक शिकलेली सुईण. प्रत्येक बैठकीत ते यातलं काहीतरी विचारीत. 'जेरे गौर है', म्हणजे विचार चालू आहे, असं उत्तर मिळे. पुढच्या बैठकीत ते पुन्हा उभे राहून विचारीत, विचार कुठवर आला?

त्यांचा डावा घोटा वाकत नसे. लहानपणी नारू तुटला होता. परभणीतले बाकीचे वकील त्यांना 'नारूवाले वकील' म्हणत. देशात एवढं चाललंय आणि हा माणूस किड्यावर बोलतोय, असं तोंडावर ऐकवीत. त्यांना ते लागत असावं. विषय मात्र त्यांनी बदलला नाही.

शेवटी जिल्ह्यातल्या काही बारवा प्रयोग म्हणून बंद करायची मंजुरी आली, आणि त्यातली पहिली माझ्या वाट्याला आली. पहिल्याच दिवशी आप्पा पायरीवर बसले.

मी परभणीला येऊन आमच्या इंजिनियर साहेबांना सांगितलं. पावसाळ्याआधी काम झालं नाही तर मंजुरी दुसऱ्या जिल्ह्याला जाईल, असं त्यांनी बजावलं. वर म्हणाले, "काम होना. कैसा, वो तुम देखो." पोलीस बंदोबस्ताच्या अर्जावर सही करून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

जाता जाता मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी तो कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. पोलीस आणून भिंत बांधता येईल, म्हणाले, पण गाव ती रात्रीतून पाडेल आणि पुढची दहा गावं आपल्याला वेशीतसुद्धा घेणार नाहीत. मग ते स्वतःच माझ्याबरोबर निघाले.

उतरलो आप्पांच्याच घरी. आप्पा लिंगायत वाणी. गावात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि शब्दाला वजन होतं. बारवेचं भांडण बारवेवर. घरी आलेल्या पाहुण्याला त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. त्यांची अडचणही खरी होती. ते रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करीत, आणि त्या पूजेला घरच्या माणसानं खाली उतरून स्वतः भरलेलं पाणी लागे. रहाटाचा पोहरा म्हणजे गावभरच्या हातचा.

वकीलसाहेब बारवेचं नावच काढेनात. आप्पांशी पावसाचं बोलले, कोर्टातल्या गमती सांगितल्या, दुकानात जाऊन बसले. पावसाळ्याला किती दिवस उरले ते मी मोजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर दात घासत असताना आप्पांची सून गिरजा पूजेची घागर घेऊन आली. लंगडत होती. पायाला चिंधी, चिंधीत काडी, काडीवर गुंडाळलेला नारू. पाऊल नुकतंच पाण्यातून काढलेलं.

मला तर पुरावाच सापडला. मी वकीलसाहेबांना हळूच म्हटलं, आता चावडीवर लोक जमवू आणि सगळ्यांसमोर हे सांगू. आप्पांना बोलायला जागा राहणार नाही.

"आन् मग तिला?" ते म्हणाले. "उद्यापासून गाव त्या पोरीला पाण्यावर येऊ देईल का? गावभरचा नारू तिच्या नावावर लागेल. तिनं काय केलंय?"

मी चावडीचा विचार सोडला.

दुपारी दुकान बंद करून आप्पा ओसरीवर टेकले. आम्ही तिघंच होतो. वकीलसाहेबांनी विचारलं, पूजेचं पाणी कोण आणतं. सूनबाई, आप्पा म्हणाले. तिचा पाय पाहिलात का, या प्रश्नावर ते म्हणाले, नारू हाय, निम्म्या गावाला हाय. वकीलसाहेबांनी धोतर जरा वर घेऊन आपला घोटा दाखवला. नारू निघताना पाय कसा जळतो हे सांगितलं.

"मी बी बारवेत पाय सोडून बसायचो, आप्पा. लय गार वाटायचं. त्या दुखण्यात तेवढंच सुख. त्याच पाण्यातून तो दुसऱ्याच्या पोटात जायलाय, हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

आप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे तेच पाणी मी देवाला..." आणि थांबले.

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. गिरजा पदर सावरून उंबऱ्याआड उभी होती. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसावी, कारण आप्पांनी चमकून वळून पाहिलं.

"मामंजी, भिंत घालू द्या," ती म्हणाली. "पैला पोहरा रोज मीच वढीन, आंघूळ करून. पर त्या पायऱ्या मला नगं वाटायल्यात."

आप्पा उठून आत गेले. संध्याकाळी ते बारवेवर आले आणि गवंड्याला विचारू लागले, रहाट कुठं बसणार, कठडा केवढा. आजीच्या नावाचा दगड पायरीत होता, तो काढून कठड्यात दर्शनी लावायचा, एवढंच त्यांनी मागितलं. मी तो स्वतः ओळंबा धरून सरळ लावून घेतला.

सगळंच गोड झालं असं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पूर्वी काठावर ताटकळत राहून कुणी वाढील ते पाणी घ्यावं लागे. त्यांनाही रहाटावर हात लावू द्या, म्हणून वकीलसाहेबांनी आप्पांसकट सगळ्यांना विनवलं. तिथं गाव अडलं ते अडलंच. मग त्यांनी त्या वस्तीच्या वेगळ्या विहिरीसाठी मजलिसमध्ये पाठपुरावा केला. ती विहीर झाली, मीच बांधली. पण त्याला आपला विजय म्हणू नका, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा नारू निघाले आणि लोक माझ्यावर उखडले. भिंत घालून काय मिळालं? त्यांना आप्पांनी गप्प केलं. यंदा निघतील ते भिंतीआधीच्या पाण्याचे, हे वकीलसाहेबांनी त्यांना आधीच समजावून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मृगात मी मुद्दाम गावात गेलो. खाटेवर कुणी नव्हतं. सगळं गाव पेरणीला गेलं होतं. गिरजा डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन शेताकडे निघाली होती, सरळ पावलं टाकत.

त्यानंतरच्या निवडणुकीत वकिलांनी दुसऱ्याला निवडलं. तालुक्याची सुईण वकीलसाहेब पायउतार झाल्यावर आली. शाळेचं काम त्यांच्या हातून झालंच नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते एका पक्षकाराचं म्हणणं ऐकत बसले होते. मला पाहिल्यावर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, नवी बारव कुठली हातात घेतली. पुढं माझी नोकरी कायम झाली. ती या कामांमुळे झाली, आणि ही कामं त्यांच्यामुळे होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि बोलणं दुसरीकडे नेलं.

मी नंतर पुष्कळ बारवा बंद केल्या. बंदोबस्ताचा अर्ज पुन्हा केला नाही. गाव अडलं की तिथंच मुक्काम टाकायचा आणि पाणी कोण आणतं ते बघायचं. यात दिवस जास्त जातात आणि साहेब रागावतात. भिंती मात्र टिकतात.