साजासकट जप्त केलेला घोडा

ती घटना विसरून पाहिली, जमले नाही. ती आजही आठवते आणि आठवली की मान खाली जाते. मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्याचा फौजदार होतो. शहरातला तीस सालचा लष्करी कायदा उठून वर्ष झाले होते, तरी भिंतीवर कसलाही कागद दिसला की तो सरकारविरोधी असणार, असेच आम्ही धरून चालत असू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या कॉलेजातला एक विद्यार्थी ठाण्यावर आला. चष्मा, धुवट सदरा, बोलणे हळू. वडील विणकर, घरात तेलुगू; शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेलेला घराण्यातला पहिलाच मुलगा. सुट्टीत तो टांग्यांच्या अड्ड्यांवर स्वतः काढलेली चित्रे लावी आणि जखमी जनावर जुंपू नका म्हणून टांगेवाल्यांना समजावी. ते त्याची चेष्टा करीत. त्या दिवशी त्याने रीतसर तक्रार दिली. एका घोड्याच्या पाठीवर पट्ट्याखाली मोठी जखम होती आणि मालक ऐकत नव्हता.

मी तत्परतेने घोडा जप्त केला. पंचनाम्यात लिहिले, 'घोडा एक, साजासह.' जखम पट्ट्यानेच झाली हे गुरांच्या डॉक्टरांना दिसले पाहिजे, म्हणून साज उतरवायचा नाही असा माझा हुकूम होता. डॉक्टर मोडनिंबकडे दौऱ्यावर गेले होते. घोडा आवारातल्या खांबाला बांधला. आमच्या लेखी तो घोडा नव्हताच, मुद्देमाल होता. आणि मुद्देमालाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. टांगेवाला बादली घेऊन फाटकाशी उभा राही. "साब, पानी तो पिलाने देव," म्हणे. मी आत बसून ऐकत होतो. तो पुराव्यात फेरफार करील म्हणून त्याला आत येऊ दिले नाही. सकाळी शिपायाने एक बादली पाजली, तेवढीच. ऊन वैशाखातले. दुसऱ्या दिवशी दुपारी घोडा खाली बसला तो उठलाच नाही. जनावर आगीतून फुफाट्यात पडले होते. स्टेशन डायरीत मी लिहिले, 'घोडा जुन्या आजाराने मेला.'

दोन दिवसांनी आमचा खबऱ्या बातमी घेऊन आला. "सायेब, त्ये कालेजातलं पोरगं पुलिसांवर कागद चिकटवतंय की," तो म्हणाला. एक कागद त्याने भिंतीवरून काढून आणलाच होता. चित्रात खांबाला बांधलेला घोडा, सावलीत खुर्चीवर बसलेला फौजदार आणि खाली एक ओळ : 'याला कुणी मारले?' फौजदाराच्या पुढे माझी नजर गेली नाही. त्याच दिवशीच्या टपालाने मी त्याच्या प्राचार्यांना अहवाल धाडला, की आपला विद्यार्थी सरकारविरोधी पत्रके लावतो. चौकशीसाठी त्याला आणवले ते त्यानंतर.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, साहेब."

"चळवळीतली कोण माणसं भेटतात तुला?"

"मला टांगेवाले भेटतात."

मला वाटले, कारटे टिंगल करते आहे. बोलते करण्याची आमची एक रीत होती. तिने अंगावर वळ उठत नसे. मी त्याला आवारात उन्हात उभे करायला लावले. तासाभराने आमचा म्हातारा हवालदार टेबलापाशी आला. साऱ्या नोकरीत त्याने मला उलट उत्तर दिले नव्हते.

"सायेब, घोडं बांदलं हुतं त्याच खांबाला पोरगं हुबं हाय," तो म्हणाला. "मी पाणी दिलंय त्याला. रिपोट करायचा आसंल तर करा."

मी मुलाला आत बोलावले. त्याचे ओठ फुटले होते. टेबलावरचा कागद त्याने पुढे ओढला आणि चित्रावर बोट ठेवले. घोड्याच्या तोंडाशी आणखी एक माणूस काढलेला होता, चष्मा घातलेला.

"हा मी," तो म्हणाला. "तक्रार मीच केली होती की. टांग्याला असता तर जगला तरी असता. हे तुम्हाला एकट्याला विचारलेलं नाही, साहेब."

तपास तिथेच संपला. मी त्याला सोडून दिले. आता प्राचार्यांना दुसरे पत्र लिहायला हवे होते, की माझा अहवाल चुकीचा आहे. पण मग घोडा कशाने मेला तेही लिहावे लागले असते, आणि डायरीत तर माझ्याच हातची खोटी नोंद. आज लिहू, उद्या लिहू करीत मी सुट्टी संपू दिली. त्याची शिष्यवृत्ती गेली, कॉलेजातून नाव कमी झाले आणि तो वडिलांच्या हातमागावर बसला.

दिवाळीच्या सुमारास तो बाजारात समोर आला. मला वाटले, आता चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्याने नमस्कार केला.

"साहेब, जप्तीची जनावरं आता सावलीत बांधता ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला आणि मनापासून हसला.

मी खोटे बोललो होतो. दुसऱ्याच दिवशी मी आवारात गवताचे छप्पर घातले, पाण्याची दगडी डोण ठेवली आणि जप्त जनावराचा साज आधी उतरवायचा असा हुकूम काढला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. तीही मी थोपटून घेतली. पत्र मात्र तेव्हाही लिहिले नाही.

नोकरीत मी पुष्कळांकडून कबुल्या घेतल्या. खरे सांगायला माणसे एवढे आढेवेढे का घेतात, याचा मला नेहमी राग येई. या प्रकरणानंतर तो राग आला नाही. चूक सुधारणे सोपे असते. ती माझी होती, असे सहीनिशी लिहून देणे मला जमले नाही. एक पानभर मजकूर होता. तो मुलगा जन्मभर माग चालवीत राहिला आणि मी दोन बढत्या घेऊन निवृत्त झालो.