तुरीच्या पोत्याचा श्वास

हे लिहावं की नाही, अजून ठरत नाही. पण जे पाहिलं तेवढंच लिहिते.

सिंदी मेघे गावातल्या एका काकांकडे मी कॉलेज सुटल्यावर इंग्रजी पत्रं टाइप करायला जायचे. ते पूर्वी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांची दोन पेटंटं भिंतीवर फ्रेम करून लावली होती. एक सलाइनच्या नळीच्या चिमट्याचं, दुसरं प्लास्टर कापायच्या करवतीचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असल्या कागदांत आपल्या हातून चूक होईल, याची मला सारखी धास्ती असायची.

तिसरा अर्ज श्वासाच्या पट्ट्याचा होता. पट्टा छातीला बांधायचा. श्वासाबरोबर त्यातला रबरी फुगा दबला की डबीवरचा काटा हलतो, श्वास थांबला की घंटी वाजते. काकूंच्या आजारपणात काकांनी तो बनवला. काकू गेल्या तोवर दोन वर्षं तो त्यांच्याच छातीवर होता.

पेटंट कार्यालयाने विचारलं होतं, पट्ट्यात श्वास घेणारं कोणी नसेल तर काटा स्थिर राहतो का? उत्तर पाठवायचा तो शेवटचा दिवस होता.

काका प्रत्येक यंत्र आधी तुरीच्या पोत्याला लावून बघत. म्हणत, "पोतं खोटं बोलत नाई."

मी पंखा बंद करून पट्टा पोत्याला बांधला. काटा हलला. दोनदा थोडासा, मग एकदा लांब. पुन्हा तसंच.

"काका, पोतं श्वास घेऊन राह्यलं."

"पोतं काऊन घेईन वं?" ते हळूच म्हणाले. "तुह्यी काकू असाच घ्याची. दोन लहान, एक लांब."

"रबर सैल झालं असेल. कपाटात नवा फुगा आहे, तो लावते. मग काटा स्थिर राहील."

"लाव."

मी जुना फुगा काढायला त्याच्या स्क्रूला हात लावला आणि काटा थांबला. घंटी वाजू लागली. काकांनी झोपलेल्या माणसाला उठवावं तसा पोत्यावर हात ठेवला. काटा पुन्हा हलला.

"राहू दे फुगा," ते म्हणाले. "नाई म्हणून लिही."

"मग पेटंट नाई भेटणार, काका."

"पोतं खोटं बोलत नाई. तू काऊन बोलतं?"

काटा स्थिर राहत नाही, असं मी लिहिलं आणि पाठवून दिलं.

ऑटोत मी बॅग छातीशी धरून बसले होते. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, बॅग हलत होती. दोनदा थोडीशी, एकदा लांब. मुद्दाम वेगळ्या लयीत श्वास घेऊन पाहिला. स्टँड येईपर्यंत जमलं नाही.