शेवटी उरलेलं

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी मोफत शिधा वाटला जाई, आणि डब्यांच्या टेबलामागे अकरा वर्षं लुएला स्टँपर उभी असे. गावात तिला दानशूर म्हणत. माल दुसऱ्यांचा असे. पण नाव देणाऱ्याचं न होता वाढणाऱ्याचं होतं, ही रीत जुनीच आहे.

गेल्या हिवाळ्यात नवरा गेला आणि त्याची पेन्शनही त्याच्यामागून गेली. तेव्हापासून लुएलाची चूल उरलेल्या मालावर चाले. वाटप संपल्यावर उरलंसुरलं स्वयंसेवकांनी न्यावं, असा प्रघात होता. त्यामुळे रांग लांबली की ती टेबलावरचे डबे मोजू लागे. आज गरजू कमी येऊ देत, अशी ती मनोभावे प्रार्थना करी. प्रार्थनेत वावगं काही नव्हतं. त्यामागचं कारण तेवढं सांगण्याजोगं नव्हतं.

या गुरुवारी दार उघडण्याआधी व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस प्रॅटनी नवा नियम वाचून दाखवला. उरलेलं कुणी न्यायचं नाही. गरज असेल त्यानं नाव नोंदवून रांगेतून यावं. "लाजायचं काही कारण नाही," असं त्या एकेकाकडे रोखून पाहत म्हणाल्या. सगळेच लाजले.

लुएलाच्या घरी अर्धं पाकीट ओट्स होतं. तिनं ॲप्रन सोडला आणि नोंदणीला बसलेल्या वँडासमोरची खुर्ची ओढली.

"कॉफी हवी का गं?"

"नको. नाव लिही."

"कुणाचं?"

"माझं."

वँडाचं पेन थबकलं. मग मान खाली घालून तिनं विचारलं, "पूर्ण नाव?"

"अगं, तुझ्या लग्नात करवली होते मी!"

"विचारावंच लागतं बाई. घरात माणसं किती?"

"एक. आणि मांजर."

"मांजर धरत नाहीत."

"तिला तू येऊन सांग."

चिठ्ठीवर आकडा पडला चौतीस. फ्रीजरमध्ये कोंबड्या सव्वीस होत्या, चिठ्ठीमागे एक. सकाळी तिनंच रचल्या होत्या.

बाहेर बोचरा वारा होता. रांगेतला ड्वाइट हॅचर तिला पाहून ओरडला, "लुएलाबाई, आत झोपलेत का सगळे? जरा हलवा की!"

"मी काय हलवणार?"

"मग गारठ्यात कशाला आलात?"

तिनं चिठ्ठी दाखवली. ड्वाइटनं ती वाचली आणि आपली अकरा नंबरची खिशात सरकवली.

"कोंबडी मिळेल ना हो?" त्यानं हळूच विचारलं.

"तुला मिळेल," लुएला म्हणाली आणि रांगेच्या शेवटाकडे चालू लागली.