डब्यावरचं नाव

शबाना मुकादम कुठेही थांबून राहत नसे. पनवेलच्या बाजारात कोळणीकडे मासळी साफ करायला देऊन ती भाजी घ्यायला जाई, भाजीवालीला यादी सांगून औषधांच्या दुकानात. प्रत्येकीकडे आपली एक पिशवी ठेवलेली आणि पिशवीला वेगळ्या रंगाची नाडी. कोळीण लांबूनच ओरडे, "ए शबाना, तुजी लाल नाडी झाली गं!" बाकीच्या बायका टोपलीपुढे उभ्याच असत.

आमच्या कंपनीत ती नोकरीला आली तेव्हा मी तिथला प्रकल्पप्रमुख होतो. उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डासाठी आम्ही गेटपासचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. ट्रक गेटवर आला की खिडकीतला कारकून कंटेनरचा नंबर टाकी, विनंती यार्डमालकाच्या मुख्य सर्व्हरकडे जाई आणि तिकडून परवानगी आली की पास छापला जाई. सर्व्हर संथ होता. उत्तर येईपर्यंत कारकुनाचा स्क्रीन गोठून राही आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत.

पहिल्याच बैठकीत शबानानं विचारलं, "सर, तुम्ही गिरणीत दळण देता तेव्हा पट्ट्याकडे बघत बसता का?"

"नाही. डबा ठेवून घरी येतो."

"मग या बिचाऱ्या स्क्रीनला का बसवलंय?"

मग तिनं सगळा क्लायंट, म्हणजे खिडकीतल्या संगणकावर चालणारा आमचा प्रोग्राम, नव्यानं लिहिला. विनंती पाठवायची, तिला एक खूणक्रमांक द्यायचा आणि लगेच पुढच्या ट्रककडे वळायचं. उत्तरं कुठल्याही क्रमानं येवोत, खूण बघून ज्याची त्याला लावायची. "डब्यावर चिठ्ठी नसेल तर माझी ज्वारी तुमच्या घरी जाईल," ती म्हणे. एका वेळी ठरावीक विनंत्याच बाहेर सोडायच्या, बाकीच्या आपल्याकडेच रांगेत ठेवायच्या, हाही तिचाच नियम. "गिरणीवाल्याच्या डोक्यावर सगळ्या गावाचे डबे ओतले तर तो काय दळणार? पट्टा तुटेल त्याचा."

यार्डाचे मॅनेजर होते म्हात्रे, जवळच्याच गावचे, आवाजाने दणदणीत. त्यांना 'पुन्हा पाठवा' असं बटन हवं होतं.

"म्याडम, उत्तर नाय आला तर आमची पोरं काय करतील? हातावर हात ठेवून बसतील?"

"चहा पितील, म्हात्रेकाका. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं कुणी सांगितलं? पहिला डबा तिकडे दळून तयार असेल आणि तुम्ही दुसरा पाठवाल. आधी विचारायचं, पहिला पोचला का? ते माझा प्रोग्राम विचारतो. तुमची पोरं नुसती बटन बडवतील."

"तुजा तोंड लय चालतो गं!"

"आणि प्रोग्राम त्याहून जास्त चालतो."

तो खरोखर चालला. खिडक्या मोकळ्या झाल्या. म्हात्रे तिला चिरनेरच्या आपल्या बहिणीकडचे आंबे आणून देऊ लागले. तरी बटनाचा हट्ट त्यांनी सोडला नाही. शबाना नाही म्हणाली की ते माझ्याकडे येत.

मग तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं आणि ती रजेवर गेली. त्याच आठवड्यात यार्डात जहाजाचा माल एकदम उतरला. म्हात्र्यांचा फोन आला, "सायेब, आज तरी बटन द्या!" मी बटन दिलं. एका वेळी जाणाऱ्या विनंत्यांवरची मर्यादाही काढून टाकली, कारण मला वाटलं, जास्त पाठवल्या तर जास्त परत येतील. कारकुनांनी बटन बडवलं. सर्व्हर बसला. उठला तेव्हा एकाच कंटेनरसाठी दोन-दोन परवानग्या आल्या, दुसरा पास गर्दीत भलत्याच ड्रायव्हरच्या हाती पडला, दोन-दोन ट्रक एकच कंटेनर उचलायला आत गेले आणि मागची रांग हमरस्त्यावर आली.

खबर लागताच शबाना हातावरच्या ओल्या मेंदीनिशी कचेरीत आली. नखांच्या टोकांनी टाइप करत तिनं बटन बंद केलं, मर्यादा परत लावली, दुहेरी परवानग्या शोधून रद्द केल्या. मला एवढंच म्हणाली, "सर, मेंदी बिघडली. बहीण बोलेल."

शबाना रजेवरून परतली त्या दिवशी आमच्या मालकांनी सगळ्यांना बोलावलं. विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हणालो, "क्लायंटचा भाग शबाना बघते."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. शबाना माझ्याकडे बघत राहिली, मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून. तिला कुणासाठी थांबलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी टेबलावरची फाइल सरळ केली. तिनं राजीनामा दिला, काम नीट समजावून दिलं आणि गेली. तिची रचना पुढेही चालू राहिली. माझ्या निरोपसमारंभात त्याच रचनेबद्दल मला शाल मिळाली.

मागच्या महिन्यात एका लग्नात म्हात्रे भेटले. तेही आता निवृत्त आहेत. पंगतीत रंगून सांगत होते, "आमच्या यार्डात एक म्याडम होती, हुशार, पण तिनं एकदा असा घोल केला..." मी त्यांना थांबवलं आणि बटन कुणी दिलं होतं ते सगळ्यांदेखत सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "सायेब, आमी सगली माणसं तिला बोललो. तिचे आंबे बंद केले मी. आणि तुमी आता सांगताव?"

म्हात्र्यांच्या या प्रश्नाचं उत्तर शबानानं फार पूर्वीच देऊन ठेवलं होतं. वेळ टळून गेल्यावर आलेल्या उत्तराचं काय करायचं, असं आमच्या कंपनीतल्या एका नव्या मुलीनं तिला तेव्हा विचारलं होतं; टाकून द्यायचं ना? शबाना हसली. "दळण उशिरा झालं म्हणून गिरणीवाला पीठ फेकतो का? नाव बघायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं."

शबाना आता पनवेलमध्येच स्वतःची छोटी कंपनी चालवते. हा मजकूर तिला फोनवर पाठवला आहे. पोचल्याची खूण दिसते, उत्तर नाही. मी पुन्हा पाठवलेला नाही आणि उत्तरासाठी थांबलेलोही नाही. आजच छापायला देतो आहे. तिला जे म्हणायचं असेल ते ती म्हणेल. बटन मी दिलं होतं. या डब्यावर नाव माझं आहे.