नव्या रेंजरची गोष्ट वाचून आठवलेलं

आमच्या वाचक गटात या महिन्यात एका नव्या रेंजरची गोष्ट होती. त्यातला पठ्ठ्या पहिल्याच दिवशी बिबट्याच्या नजरेला नजर भिडवतो! मी पोट धरून हसलो. मग मंडळी मागेच लागली, ‘तुझं सांग!’ फॉरेस्टवाल्याजवळ किस्से असे साठतात की एक काढला की चार बाहेर येतात.

माझं पहिलं पोस्टिंग मोताळ्याकडच्या डोंगरात. भीती जनावरांची नव्हतीच. एकच धास्ती होती. हे गाव मला हसतंय, उद्या खरंच संकट आलं तर माझ्या हाकेला कोणी येईल का?

* * *

पहिल्या आठवड्यात गावात भाषण ठोकलं. जंगलाचं महत्त्व, तब्बल पाऊण तास! शेवटी ऐटीत विचारलं, “काही प्रश्न?”

एक आजोबा उठले. “साहेब, तुमी जंगलात कवा जानार?”

* * *

गेलो ना! नाल्याच्या ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसला. बिबट्या! प्लास्टर कालवलं, ओतलं, वाळेपर्यंत उन्हात बसलो. आमचे जुने गार्ड सलीमभाई शेजारीच विडी ओढत बसले होते. साचा निघाल्यावर म्हणाले, “ठसा झकास आला साहेब. पन नखं उमटली ना. बिबट्या नखं आत घेऊन चालते. हा सरपंचाचा कुत्रा हाये.”

“अहो, मग आधी का नाही सांगितलं?”

“तुमी लय खुशीत होते!”

* * *

रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, सोयाबीन तुडवलं म्हणून पंचनाम्याला गेलो. पुस्तकात वाचल्याप्रमाणे टेप काढून एकेका खुराचं माप लिहीत होतो. लांबी, रुंदी, सगळं.

शेतकऱ्याची बायको बराच वेळ बघत होती. न राहवून म्हणाली, “काऊन साहेब, रोह्याले चपला शिवून राह्यले का?”

* * *

एका सकाळी फोन आला, मारुतीच्या देवळात अस्वल शिरलंय! मी जाळी, भोंगा, सगळी फौज घेऊन धावलो. गर्दी हटवली, भोंग्यावरून ओरडून घसा बसवून घेतला. पुजारी कट्ट्यावर शांतपणे फुलं निवडत होते.

“हळू बोला हो,” ते म्हणाले, “त्याचं तेल पिऊन झालं का जाते तो. मी त्याच्यासाठीच थांबलो.”

आणि खरंच, पाच मिनिटांत अस्वल तोंड चाटत बाहेर पडलं आणि डोंगराकडे चालतं झालं!

* * *

आता शेवटचा. हा आठवला की आजही अंगावर काटा येतो.

उन्हाळ्यात कौसाबाईला मी जंगलात हिरवी फांदी तोडताना पकडलं. तिनं हात जोडले, “शेळीसाठी हाये साहेब, एकच हाये.” मी नवा, कडक! नाव लिहिलं, केस केली. गाव माझ्याशी बोलेनासं झालं.

आठवड्याभरात, भर दुपारी वणवा लागला. वारं गावाच्या दिशेनं. आम्ही तिघंच, मी, सलीमभाई आणि एक मजूर. सरपंचांना फोन केला, नुसतं “बघतो” म्हणाले. ज्वाळा सागाच्या रोपवनाजवळ आल्या. वाटलं, संपलं सगळं. कोणीच येणार नाही!

तेवढ्यात चढावर आरडाओरडा ऐकू आला. पंचवीस-तीस बाया, मागून पुरुष, आणि सगळ्यांच्या पुढे पदर खोचलेली कौसाबाई! “पाहून काय राह्यले? झोडपा!” असं ओरडत ती सरळ आगीला भिडली. आम्ही सगळेच फांद्यांनी आग झोडपत सुटलो. तीन तास! रोपवन वाचलं, गाव वाचलं. मी काळाठिक्कर, डोळ्यांत पाणी, धूर म्हणा किंवा काही म्हणा. आभार मानायला कौसाबाईसमोर गेलो.

तिनं हातातली अर्धी जळलेली पळसाची फांदी माझ्यासमोर धरली.

“साहेब, हिरवी तोडली म्या. लिहा केस!”

मागच्या सगळ्या बायांनी आपापल्या फांद्या वर केल्या. “आमचंबी नाव लिहा!”