कपाच्या बुडावरची धार

चहा संपला की कप उलटा करून त्याचं बूड न्याहाळणारा माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे सासरे आहेत. लग्नाआधी ते आमचं घर पाहायला खाप्याला आले, तेव्हा आईने शेजारणीचे कप मागून आणले होते. यांनी चहा संपवला, कप पालथा केला आणि बुडाच्या खरखरीत कडेवरून अंगठा फिरवला. आईला वाटलं, खाली शेजारणीचं नाव सापडलं. "काही पडलं का जी चाहात?" तिने घाबरत विचारलं. "नाही बाई. लय गुणाचा कप हाये. हा एक देता का मले?" मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी.ची मार्कशीट मी त्या दिवशी शर्टाच्या खिशात तयार ठेवली होती. तिची चौकशी कोणी केली नाही. लग्न माझ्या डिग्रीवर जमलं की शेजारणीच्या कपावर, हे मला आजही सांगता येणार नाही.

कपाचं कारण म्हणजे त्यांचा चाकू. मामाजी, म्हणजे हेच सासरे, सावनेरकडच्या कोळसा खाणीत फिटर होते आणि तिथल्या त्यांच्या उस्तादांनी निवृत्त होताना तो त्यांना दिला. घडीचा चाकू, पण उघडला की वीतभर. पातं सरळ नाही. मुठीजवळ त्याला आत गेलेली कंबर आहे आणि टोकाकडे सुटलेलं पोट. पोटाला धारेचा दगड चालतो, पण कंबरेत सपाट दगड शिरतच नाही. तिथे पालथ्या कपाच्या बुडाची गोल, बिनचकाकीची कडच लागते. दर रविवारी सकाळी नागपूरजवळ बेशाच्या त्यांच्या घरी गच्चीवर ही पूजा मांडली जाते: ओला फडका, त्यावर दगड, शेजारी पालथा कप, आणि खिळ्याला टांगलेला खाणीतला जुना चामडी पट्टा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. "दोन टाकले तं धूळ खाते, एकही नाही टाकला तं रुसते," हे त्यांचं शास्त्र. पात्याला संत्र्याचा रस लागला की डाग पडतो, म्हणून पाहुणा फोड हातात घेऊन ताटकळत असला तरी आधी पातं पुसलं जाणार, मग पाहुण्याकडे लक्ष. धारेची परीक्षा डाव्या हातावरच्या केसांवर, त्यामुळे त्यांचा उजवा हात अस्वलाचा आणि डावा हात बाळाचा वाटतो. केस संपले की पेपर कापतात. सासूबाई बिचाऱ्या बातम्या पट्ट्या जुळवून वाचतात. "खून कोनी केला थे दुसऱ्या पट्टीत गेलं वाटते," असं म्हणत त्या टेबलाखाली शोधत बसतात.

दोन वर्षांपूर्वी मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस वाकायचं नाही, चाकूला हात लावायचा नाही. पहिल्याच रविवारी ते इतके कासावीस झाले, की शेवटी चाकू माझ्या हातात देऊन म्हणाले, "जवाईबापू, कंबरेले दगड दाखवू नका. कपच घ्या." मी मान हलवली. पण मनात म्हटलं, आपण विज्ञानाचे पदवीधर, कपाच्या बुडाशी कशाला डोकं लावायचं? दगडाचा कोपरा आत शिरतो की! घातला कोपरा, लावला जोर. अर्ध्या तासाने पुसून पाहतो तर कंबरेच्या मधोमध दाताने कुरतडल्यासारखी खाच. बायको गच्चीवर आली, तिने ती पाहिली आणि खालीच बसली. "काहून केलं तुम्ही असं? बाबाचा जीव हाये त्याच्यात!" ज्या माणसाने पंचवीस वर्षं जीव लावून सांभाळलेली वस्तू विश्वासाने माझ्या हाती दिली, तिचं मी अर्ध्या तासात वाटोळं केलं होतं. चाकू मी आमच्या घरी नेला, आणि पुढचे आठ दिवस बेशाला गेलो की "धार लावून राहिलो, मामाजी," एवढंच म्हणायचो आणि चहाचा कप सरळ ठेवायचो.

शेवटी डॉक्टरांची मुदत संपली. मामाजींनी चाकू उघडला, उन्हात धरला, अंगठ्याचं नख धारेवरून हळूच ओढलं. नख खाचेत अडकलं. मी म्हणालो, "माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." त्यांनी चाकू मांडीवर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"उस्तादनं देल्ला तवा ही कंबर एवढी खोल नोहती, जवाईबापू. मीबी कोपराच घातला होता. महिनाभर उस्तादले तोंड नाही दाखवलं. मंग त्यायनंच घरी बलावलं, चाहा पाजला अन् कप पालथा करून देल्ला. म्हने, आता खाच जाईस्तवर घास."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतकं हलकं मला डिग्रीच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्यांनी आतून कप मागवला. तो शेजारणीचाच होता.

खाच जायला पुढचा उन्हाळा उजाडला. कंबर आणखी खोल गेली आणि पातं थोडं अरुंद झालं. आता मामाजींचा हात थरथरतो, म्हणून रविवारी धार मी लावतो आणि ते शेजारी खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकतात. आवाज बदलला की डोळे न उघडता म्हणतात, "पात्याचा कोन चुकला." ऑफिसात मला कोणी तरी विचारतंच, डाव्या हातावर केस काहून नाहीत गा? मी बाही खाली ओढतो आणि चहा मागवतो. कप रिकामा झाला की हात आपोआप तो पालथा करतो.