कडू टेकोडा

टेकोड्याचा खसखशीएवढा तुकडा नखानं तोडायचा, जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि क्वार्टरांच्या सगळ्या ओळीला ताटकळत उभं ठेवायचं, हे आमच्या मुकादमांचं काम. मग थुंकून म्हणायचे, "हा चालते." नाहीतर काहीच न बोलता तो कुंपणापलीकडे भिरकावायचे. त्यांच्या निकालावर अपील नसे.

पावसाळ्यात जंगलात उगवणाऱ्या ह्या छत्र्यांना शहरातले लोक कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात आणि नाक मुरडतात. लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले तेव्हा मीही मुरडलं होतं. भंडारा-गोंदियाकडचे लोक मात्र त्यांना टेकोडे म्हणतात आणि मटणाच्या बरोबरीचा मान देतात. मुकादम तिकडचेच.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. मरोद्याला रेल्वेच्या क्वार्टरांची आमची आठ घरांची ओळ होती, पुढे चिखल आणि मागे चिखल. माझे यजमान रेल्वेत कारकून होते. मुकादमांची गँग दल्ली-राजहऱ्याच्या नव्या लाईनवर, जंगलात. शनिवारी घरी येताना त्यांच्या गमछ्यात हमखास टेकोडे असायचे. ओट्यावर पोतं अंथरून ते निवडायला बसले, की आम्ही बायका आपापली टोपली घेऊन भोवती जमायचो.

त्यांच्याच शेजारी बसून मी थोडंफार शिकले. त्यातला एक टेकोडा फार लबाड. तपकिरी टोपी, जाड देठ, खाली पडद्यांऐवजी सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. अगदी खायच्या टेकोड्याचा सख्खा भाऊ. जून झाला तर भोकांवर गुलाबी झाक येते, देठावर काळपट जाळी दिसते. कोवळा असताना मात्र ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही. तो खाऊन कोणी मरत नाही, पण एक तुकडा गेला तरी गंजभर भाजी कडूजहर होते.

"पोरी, विष डोळ्यानं ओळखाचं अन् कडू जिभेनं," ते सांगायचे. विषारी दिसणाऱ्याला ते हातही लावत नसत, मग जीभ कुठली.

एकदा हुशारी करून मी पाण्याच्या टाकीमागून छान पांढरेशुभ्र टेकोडे तोडून आणले. मुकादमांनी लांबूनच पाहिलं. देठाला कडं, बुडाशी वाटी. शांतपणे विचारलं, "हे कोनासाठी आनले? सासूसाठी?" सासूबाई खिडकीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्या हातची भाजी आधी मला खायला लावली.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. मुकादमांचं घर दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं. आम्ही स्वतःला सुधारलेले समजायचो. त्यांच्या हातचे टेकोडे आम्हाला चालायचे, कारण ते कच्चे असायचे. शिजलेलं काही त्यांच्या घरून आमच्या घरी आलं नाही, आमचं त्यांच्याकडे गेलं नाही. कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं. नुसतं घडत नव्हतं. असं न घडणं तुम्हीही आपापल्या गल्लीत पाहिलं असेल.

त्या उन्हाळ्यात मुकादमांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस अंथरुणावर होते. उठले ते निम्मे होऊन. त्याच सुमारास त्यांची मुलगी मॅट्रिक पास झाली. आमच्या ओळीतली पहिली मॅट्रिक, आणि तीही मुलगी. पाऊस लागून टेकोडे उगवले तसे मुकादम दारोदार जाऊन सांगून आले, रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायला यायचं. टेकोड्याची भाजी, भात आणि वडे.

घरोघरी कुजबुज झाली. कोणाला त्या दिवशी सुपेल्याच्या बाजारात फार महत्त्वाचं काम निघालं, कोणाचं पोट बिघडलं. सासूबाईंचं काय होणार ह्याची मला धास्ती होती. त्यांनी आयुष्यात कधी असल्या पंगतीला पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी त्या धुतलेलं लुगडं नेसून तयार बसल्या. म्हणाल्या, "पोरगी शिकली. तिचं जेवण हाय ते. चाल."

सकाळी मुकादमांनी टेकोडे नेहमीसारखेच सगळ्यांसमोर निवडले. तुकडा, जीभ, मिटलेले डोळे. आम्ही पाच घरची माणसं पंगतीला बसलो. मॅट्रिक झालेली मुलगी स्वतः वाढत होती, आणि तिच्या तोंडावर जे काही होतं ते पाहून माझं मन भरून आलं.

पहिला घास घेतला आणि जिभेला झिणझिण्या आल्या. कारल्याचा कडूपणा गिळला की संपतो. हा गिळल्यावर वाढायचा. मी हळूच पाहिलं. समोरचा मद्रासी फिटर डोळे वटारून पाणी पीत होता. यजमानांचा घास गालातच होता. सगळ्यांना एकच कळलं होतं: आज ह्या घरात कोणी थुंकला, ताट सरकवलं, तर भाजी कडू होती हे कोणी ऐकणार नाही. त्याचा अर्थ दुसराच होईल आणि तो जन्मभर राहील. आम्ही खाल्लं. मुकादमही आमच्यात बसून चवीनं खात होते, बोटं चाटत होते, आणि मला काही उलगडत नव्हतं.

आमच्या सासूबाई म्हणजे जेवणात खोड काढल्याशिवाय हात न धुणारी बाई. वरण पातळ, पोळी जाड, हे आमच्या घरचं रोजचं. त्या दिवशी त्या शब्दही बोलल्या नाहीत. मुलगी वाडगं घेऊन समोर आली तेव्हा त्यांनी ताट पुढे केलं आणि भाजी पुन्हा वाढून घेतली. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मुकादम आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"सूनबाई, भाजी कडू होती ना?"

मी म्हटलं, थोडीशी.

"थोडीशी नोको म्हनू. माही बायको सगळ्यांच्या मागून जेवाले बसली. पहिला घास घेतला अन् थुकली."

मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं. तापापासून जिभेला काही समजतच नव्हतं. तिखट तेवढं लागायचं, बाकी सगळं माती. घरातही बोलले नव्हते. रविवारी सगळे भोवती उभे होते, मुलीचं जेवण होतं, तेव्हा 'मी चाखत नाही' असं म्हणायची हिंमत झाली नाही. डोळ्यांनी निवडले आणि जीभ लावल्याचं सोंग केलं.

सासूबाई दारात आल्या. "जाऊ द्या ना मुकादम. आमी काही बोललो का? सारं खाल्लं."

"तेच तं इचारून राहिलो, माय. कावून खाल्लं?" मुकादम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या भावाच्या घरी असं वाढलं असतं, तं तुमी ताट सरकवलं असतं. भावजयीले चार गोष्टी सुनावल्या असत्या. माह्या घरी गिळलं. म्हंजे घर परकंच हाय ना अजून."

ते सायकल घेऊन निघून गेले. आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. आदल्या दिवसापासून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. ते थोपटणं तिथंच थांबलं. सासूबाईंनी संध्याकाळच्या वरणालाही नाव ठेवलं नाही.

त्यानंतर टेकोडे चाखायचं काम मुकादमांनी मुलीकडे दिलं. स्वतः पोत्याजवळ बसून नुसते डोळ्यांनी पाहायचे. पुढे त्यांची बदली झाली, ओळ पांगली, आणि काही वर्षांनी गोंदियाकडून ते गेल्याचं पत्र आलं. ते वाचताना मला आठवली ती त्या पंगतीच्या वर्षीची, दिवाळीनंतरची एक रविवारची दुपार.

सासूबाई कुणालाही न सांगता घरातून निघाल्या, सरळ ओळीच्या टोकाला गेल्या आणि आमंत्रण नसताना मुकादमांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मुकादमांच्या बायकोनं गडबडीनं जे होतं ते वाढलं. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. थोड्या वेळानं सासूबाईंचा आवाज आला, आमच्या घरी यायचा तोच, तेवढाच खणखणीत:

"वरणात मीठ कावून नाही वो? असं वरण खाऊ घालते का घरच्या मानसाले?"

मग मुकादम बाहेर ओट्यावर आले. मीठ आत चुलीपाशीच असणार, बायकोही आतच होती. तरी आठही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आन वो, मीठ आन. बुढीले आपलं वरण पसंत नाही आलं."